अंगातले लोखंड आणि त्याची मोजदाद

धावड म्हणजे दगडातून लोखंड गाळणारा. जुन्या मराठी कोशांत हा शब्द एका कष्टकरी जमातीचे नाव म्हणून येतो. जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन तालुक्यात, धावडा नावाचे गाव आहे. धावडा हे झाडाचेही नाव आहे आणि झाडांवरून गावांची नावे पडतात हे खरे. तरी हे नाव कानावर पडले की भट्टी आणि भाता डोळ्यांपुढे येतो. ज्या जिल्ह्यात हे गाव आहे तो आज लोखंडासाठीच ओळखला जातो. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार होतात. येणारे भंगार आणि बाहेर पडणारी सळई, दोन्ही वजनकाट्यावरून जातात. तेथे किलोचाही हिशेब ठेवला जातो.

याच जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, मिरची तोडणाऱ्या, दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या अंगात लोखंड असते तरी किती? धडधाकट बाई असेल तर अडीच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मध्यम खिळ्याएवढे. एवढ्यावर तिचा श्वास, तिची चाल, तिच्या पोटातले मूल आणि तिची मजुरी चालते. आणि ह्या खिळ्याची मोजदाद मात्र आपल्याकडे एकाच आकड्यावर भागवली जाते. तो आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हे आपल्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे. कारण ज्यांच्या शरीरांची ही मोजणी होते त्यांत आपल्या आयाबहिणींची संख्या मोठी आहे.

गावात म्हणतात, "अंगात रक्त नाही." जुना शब्द रक्तपांढरी. उपकेंद्रातली नर्सबाई पापणी खाली ओढून पाहते, बोटाला सुई टोचते आणि कार्डावर आकडा लिहिते: नऊ, साडेनऊ, दहा. हा आकडा हिमोग्लोबिनचा. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे, एवढेच तो सांगतो. वर्षानुवर्षे तो साहलीच्या पद्धतीने काढला गेला. वीस मायक्रोलिटर रक्त सौम्य आम्लात मिसळायचे, दहा मिनिटे थांबायचे, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. खिडकीतला उजेड आणि पाहणाराची नजर यांवर अर्धा-एक ग्रॅम इकडचा तिकडे होई. आता लहानशी विजेरीवरची यंत्रे आली आहेत. आकडा चटकन दिसतो. पण आकडा तोच आहे.

बाईचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले तर रक्तपांढरी, गर्भवतीचे अकराच्या खाली गेले तर रक्तपांढरी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ दंडक आहे. (गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीसाठी २०२४ पासून साडेदहा.) २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायका या दंडकाखाली होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५४.२ टक्के निघाले. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला आहे. पन्नास वर्षे गोळ्या वाटून निम्म्याहून अधिक बायका रेषेखालीच असतील, तर गोळी वाटण्याइतकेच मोजण्याच्या रीतीकडेही पाहिले पाहिजे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना पुढची गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही. त्या साली घर एका दिवसात उपाशी पडले नाही. आधी कणगीतली ज्वारी तळाला गेली. तेव्हाही टोपल्यात भाकरी दिसत होती. शेजाऱ्याला वाटे, यांचे बरे चालले आहे. मग बाजारातून येणारे पोते अर्धे येऊ लागले. टोपले रिकामे झाले ते सर्वांत शेवटी. शरीरातले लोह याच क्रमाने आटते. कणगी म्हणजे यकृत, प्लीहा आणि हाडांचा मगज यांतला साठा. पोते वाहणारा हमाल म्हणजे ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन. टोपल्यातली भाकरी म्हणजे हिमोग्लोबिन. उपकेंद्रात आपण फक्त टोपले पाहतो.

कणगीत किती उरले आहे हे फेरिटीन सांगते. शरीर लोह ज्या प्रथिनात भरून ठेवते त्याचे हे नाव. त्यातले थोडे रक्तात झिरपते आणि ते मोजता येते. निरोगी माणसात दर लिटर रक्तद्रवात १ मायक्रोग्रॅम फेरिटीन म्हणजे साठ्यातले सुमारे ८ मिलिग्रॅम लोह, असा हिशेब मांडतात. मोठ्या माणसात हा आकडा १५ च्या खाली, पाच वर्षांखालील मुलात १२ च्या खाली गेला की कणगी रिकामी समजावी. ट्रान्सफेरिनची तपासणी हमालांची परिस्थिती दाखवते. शंभर जागांपैकी तिसाच्या आसपास जागा भरलेल्या असल्या तर ठीक. सोळाच्या खाली गेल्या तर मगजातल्या रक्तपेशींच्या कारखान्याला कच्चा माल पुरत नाही. त्या अवस्थेत पेशींत आणखी एक बदल होतो. हिमोग्लोबिनच्या साच्यात लोखंडाची जागा मोकळी राहते आणि तेथे जस्त जाऊन बसते. हे जस्तवाले प्रोटोपॉर्फिरिन बोटभर रक्तातही मोजता येते. शिवाय लोहासाठी भुकेलेली पेशी आपल्या दारावर ट्रान्सफेरिन पकडणारे जास्त हात उभे करते. त्यांचे तुटलेले तुकडे रक्तात येतात. त्यांना विद्राव्य ट्रान्सफेरिन ग्राहक म्हणतात. म्हणजे फेरिटीन साठा दाखवते आणि हे ग्राहक पेशींची भूक दाखवतात. दोन्ही आकडे एकत्र मांडले की अंगातल्या एकूण लोहाचा अंदाज येतो. हे सगळे घडत असताना हिमोग्लोबिन बारा-साडेबारावर असू शकते आणि कार्डावर "नॉर्मल" असा शेरा पडतो.

सर्वांत खात्रीचा पुरावा जुनाच आहे. जर्मन वैद्यक माक्स पर्ल्स यांनी १८६७ साली ऊतींतले लोह निळ्या रंगात दाखवणारी रासायनिक कसोटी दिली. कमरेच्या हाडातून सुईने मगजाचा थेंब काढून काचेवर पसरायचा आणि हे रसायन टाकायचे. लोह असेल तेथे निळे ठिपके उमटतात, नसेल तर काच कोरी राहते. हाडात सुई घालणे ही काही गावोगाव करण्याची गोष्ट नाही; पण रक्तातल्या इतर मोजण्या खऱ्या की खोट्या हे बराच काळ याच निळ्या ठिपक्यांवर पारखले गेले.

फेरिटीनला एक खोड आहे आणि गरिबाच्या वस्तीत ती मोठी ठरते. जंतूंनाही लोह लागते. म्हणून ताप, क्षय, मलेरिया, न भरणारी जखम अशा वेळी शरीर आपल्या कणगीला कुलूप लावते. यकृतातून हेप्सिडिन नावाचा स्राव सुटतो, आतड्यातून लोह आत येणे थांबते आणि साठ्यातले बाहेर पडणे थांबते. रक्तात फेरिटीन वाढलेले दिसते. कणगी भरलेली, टोपले मात्र रिकामे. म्हणून फेरिटीनबरोबर दाह दाखवणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन मोजावे, आणि दाह असेल तर मोठ्या माणसात १५ ऐवजी ७० आणि लहान मुलात १२ ऐवजी ३० ही रेषा धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. देशातल्या मुलांच्या पोषणाची २०१६-१८ ची मोठी पाहणी शिरेतले रक्त घेऊन झाली. तीत एक ते चार वयाच्या ४१ टक्के मुलांना रक्तपांढरी आढळली आणि ३२ टक्के मुलांत लोहाची कमतरता. पण एक गोष्ट उफराटी दिसली. रक्तपांढरी गरीब घरांत जास्त होती. लोहाची कमतरता मात्र शहरी आणि सधन घरांत जास्त निघाली. याचा अर्थ गरिबाच्या पोराला लोह नको असा कोणी काढू नये. त्याच्या रक्ताला लोहाखेरीज इतर गोष्टीही कमी पडतात, आणि वारंवारच्या आजाराने आहे ते लोहही कुलपात राहते, असा त्याचा अर्थ आहे. "रक्त कमी" म्हणजे "लोखंड कमी" हे समीकरण आपण शाळेतल्या भिंतीपासून दवाखान्यातल्या तक्त्यापर्यंत सगळीकडे रंगवून ठेवले आहे. ते अर्धेच खरे आहे.

हे महाराष्ट्रात फार आधी कळायला हवे होते, कारण ते येथेच सापडले. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गर्भारपणात पांढऱ्याफटक पडत आणि मरत. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांचे रक्त तपासले. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या झाल्या होत्या. त्या काय खातात, काय परवडते, हेही बाईंनी पाहिले. शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क देताच रक्त भरून आले. १९३१ साली हे प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गर्भवतीला जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल असते. ते ज्ञान मुंबईच्या अनाम कामकरी बायकांच्या रक्तातून आलेले आहे. डॉक्टरबाईंचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच. या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात, महार समाजात, सिकलसेलचा दोष आढळल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. विदर्भातले बौद्ध आणि आदिवासी समाज हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आहेत. सिकलसेलच्या रुग्णाचेही हिमोग्लोबिन सात-आठ असते. पण तेथे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतले लोह अंगातच राहते. वारंवार रक्त चढवले तर ते साचून यकृत आणि हृदयाला अपाय करते. अशा मुलीला केवळ आकडा पाहून वर्षभर लोहाच्या गोळ्या देत राहणे म्हणजे औषधोपचार केल्याचे समाधान तेवढे आहे. याउलट सिकलसेल आहे म्हणून लोह नकोच, असेही नाही. पाळी जास्त जाणाऱ्या मुलीत दोन्ही असू शकतात. मोजल्यावाचून कळत नाही. येथे एक सांगितले पाहिजे. हा काही जातीचा रोग नव्हे. मलेरियाच्या प्रदेशात हा दोष काही प्रमाणात माणसाला वाचवतो म्हणून टिकला, आणि लग्ने जातीतल्या जातीत लावून आपल्या समाजरचनेने तो एका कुंपणात राखला. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. त्यातून तपासणी वाढली तर कार्डावरच्या त्या एका आकड्याशेजारी दुसरी नोंद येईल.

आता ऊतींकडे वळू. हा भाग वैद्यकाच्या पुस्तकात थोडक्यात उरकतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोह फक्त रक्तात नसते. स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये ते असते, आणि पेशी ज्या भट्टीत अन्न जाळून शक्ती करते तिच्या विकरांतही असते. १९७६ साली अमेरिकेत क्लेमेंट फिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. लोह तोडलेल्या उंदरांना रक्त बदलून दिले आणि त्यांचे हिमोग्लोबिन धडधाकट उंदरांइतके केले. तरी ते फिरत्या पट्ट्यावर धावू शकले नाहीत. रक्त पुरेसे होते, स्नायूची भट्टी विझलेली होती. मग लोह दिले आणि चार दिवसांत ते धावू लागले. हिमोग्लोबिनच्या आकड्याने हा फरक सांगितला नसता.

१९७९ साली श्रीलंकेच्या चहामळ्यांत हीच गोष्ट माणसांत पाहिली गेली. तेथले मजूर म्हणजे तामिळ मुलखातून मळ्यांवर नेलेल्या माणसांची लेकरे. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक पुष्कळ. ज्या बायकांना लोह दिले त्यांची चहाची तोडणी वाढली, आणि त्या दिवसभर स्वतःहून जास्त हालचाल करू लागल्या. तोपर्यंत मळ्याच्या मुकादमाने त्यांना काय म्हटले असेल ते सांगायला नको. आपल्याकडेही "ही माणसे कामचुकार" हे वाक्य बांधावर उभे राहून म्हणणारे कमी नाहीत. २०१२ साली फ्रान्समधून आलेला निष्कर्ष याला जोडून वाचावा. हिमोग्लोबिन बाराच्या वर, फेरिटीन मात्र ५० च्या खाली आणि सतत थकवा, अशा बायकांना बारा आठवडे लोह दिले तेव्हा त्यांचा थकवा खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरला. म्हणजे रक्तपांढरी नसतानाही त्यांचा शीण खरा होता.

ऊतींची साक्ष काही वेळा डोळ्यांनाही दिसते. नखे चमच्यासारखी खोलगट होतात, जीभ गुळगुळीत पडते, ओठांचे कोपरे चिरतात. माती, खापर, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. सासू याला डोहाळे म्हणते, शेजारीण चटक म्हणते. अशी बाई दिसली तर तिचे रक्त तपासावे.

अन्नाविषयी थोडे. मांसातले, विशेषतः काळजातले आणि रक्तीतले लोह आतड्यात चांगले शोषले जाते; ज्वारी-बाजरी-डाळीतले फार थोडे, कारण धान्याच्या कोंड्यातले फायटेट ते बांधून ठेवते आणि जेवणावर घेतलेला चहा उरलेसुरले अडवतो. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता आणि तो योग्यच होता. पण २०१५ च्या कायद्याने गोऱ्हा-बैलाचे ताजे, स्वस्त मांसही ताटातून गेले आणि त्या जागी तेवढे लोह देणारे दुसरे काही स्वस्तात आले नाही. लोहाच्या तक्त्यावर "पालेभाज्या खा" असे लिहिणाऱ्याने ह्या ताटाचाही हिशेब करावा.

तरी धान्यातूनही काही साधते. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी 'धनशक्ती' हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण काढले. अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या निवासी शाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर जास्त लोहाच्या बाजरीचा प्रयोग झाला; तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची. सुरुवातीला २८ टक्के मुले रक्तपांढरीची होती, पण फेरिटीन मोजले तेव्हा ४१ टक्क्यांची कणगी रिकामी निघाली. निव्वळ हिमोग्लोबिन पाहिले असते तर मधली मुले निरोगी म्हणून वर्गात परत गेली असती. चार महिन्यांत नव्या भाकरीने फेरिटीन आणि अंगातले एकूण लोह वाढले. ज्यांना आधी कमतरता होती, त्यांच्यात सहा महिन्यांनी ती दूर होण्याची शक्यता साध्या भाकरीवाल्यांच्या दीडपटीहून जास्त निघाली. हे कळले, कारण त्यांनी कणगी मोजली होती.

मोजण्यात हयगय झाली की काय होते याचे एक टोक बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसाठी तेथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यामागे मुकादमाचा दंड, बुडणारी मजुरी, खासगी दवाखान्यांची कमाई अशी अनेक कारणे आहेत. पण यातल्या पुष्कळ जणींची पहिली तक्रार जास्त रक्त जाण्याची होती. एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले तर तीस मिलिग्रॅमहून अधिक लोह जाते. गेलेले लोह मोजून भरणे आणि रक्त जाण्याचे कारण शोधणे हे काम सावकाशीचे होते. पिशवी काढणे एका दिवसाचे.

भरून येण्याचा हिशेब कोणालाही करता येईल. पन्नास किलो वजनाच्या बाईत सव्वातीन लिटर रक्त धरा. हिमोग्लोबिन आठवरून बारावर न्यायचे तर सुमारे १३० ग्रॅम हिमोग्लोबिन नवे लागेल. एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह, म्हणजे जवळजवळ ४४० मिलिग्रॅम. साठ मिलिग्रॅमच्या गोळीतले आठेक मिलिग्रॅम अंगी लागले असे धरले तर पंचावन्न दिवस झाले. कणगीत तीनशे मिलिग्रॅम टाकायचे ते वेगळेच, आणि साठा भरू लागला की आतडे हात आखडते, म्हणून त्याला आणखी वेळ. पहिली खूण आठ-दहा दिवसांत दिसते, कोवळ्या तांबड्या पेशी वाढतात. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम चढते. फेरिटीन हलते ते सर्वांत शेवटी.

उपकेंद्रात हिमोग्लोबिन मोजता येते. फेरिटीनसाठी रक्ताची नळी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागते. ती सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट असावी, ही मागणी करण्यासारखी आहे. तोवर चौथ्या आठवड्याला दुसऱ्यांदा सुई टोचणे एवढे तरी प्रत्येक ठिकाणी होऊ शकते. आकडा ग्रॅमभर चढला तर लोहच कमी होते असे समजावे. चढला नाही तर गोळी पोटात जाते की ट्रंकेत राहते, रक्त कोठून जाते आहे, जंत आहेत का, सिकलसेल आहे का, बी-१२ कमी आहे का, हे विचारावे; तीच गोळी पुन्हा हातावर ठेवून पाठवू नये. आणि आकडा बारावर गेला म्हणून गोळ्या थांबवू नयेत, पुढे तीन महिने द्याव्यात. धावड्याच्या शिवारातल्या बाईने पोळ्याला सुरू केलेली गोळी दिवाळीपर्यंत कार्डावरचा आकडा भरून देते. कणगी भरायला संक्रांत उलटते. मधले सगळे दिवस कापसाच्या वेचणीचे असतात.